धीम्या लोकलने बोरीबंदर: ठाणे ते ठाणे, एका दिवसाची फेरी

मुंबईत रोज लोकलने जाणाऱ्या माणसाला लोकल बघायला सवड नसते, आणि व्हीटीला, म्हणजे जुन्या बोरीबंदरला, आताच्या सीएसएमटीला, रोज उतरणाऱ्याने व्हीटी पाहिलेलं नसतं. त्याने पाहिलेला असतो तो इंडिकेटर, समोरच्याची पाठ आणि बाहेर पडायच्या बोळातली ढकलाढकल. बाहेरगावचे पाहुणे आले की आपण त्यांना गेटवेला नेतो, हँगिंग गार्डनला नेतो. देशातली पहिली प्रवासी गाडी ज्या वाटेवर धावली त्याच वाटेवरून आपण त्यांना आणलेलं असतं, पण ते सांगायचं राहून जातं.

ही फेरी त्यासाठीच आहे. ठाण्याहून धीम्या लोकलने सीएसएमटी, तिथे तीन-चार तास, मग हार्बर मार्गाच्या लोकलने खाडी ओलांडून वाशी आणि वाशीहून ट्रान्स-हार्बर मार्गाने परत ठाणे. आल्या वाटेने परत फिरायचं नाही. डोंबिवली-कल्याणकरांना ठाण्यात गाडी बदलावी लागेल एवढंच. पश्चिम रेल्वेवाल्यांनी दादरला येऊन धीमी पकडली तरी निम्मी मजा हाती लागते, पण पूर्ण हवी असेल तर ठाणं गाठा.

वार आणि वेळ

रविवार नको, हे आधी. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास मार्ग बंद, असतो, बहुतेक वेळा मुख्य मार्गावर आणि हार्बरवर एकाच दिवशी. धीम्या गाड्या जलद मार्गावर वळवल्या की मधली स्टेशनं गळतात, आणि हार्बरचा ब्लॉक असला तर सीएसएमटीहून वाशीकडे जाणारी गाडीच दुपारी मिळत नाही. रविवारशिवाय जमतच नसेल तर आदल्या दिवशीचं मेगाब्लॉकचं पत्रक वाचा आणि सकाळी सातच्या आत ठाणं सोडा. व्हीटीचं आवार रविवारी सकाळी मोकळं असतं, तेवढा त्याचा फायदा.

शनिवार सगळ्यात बरा. सरकारी कचेऱ्या बंद, त्यामुळे गर्दी पातळ. मात्र स्टेशनाच्या इमारतीतला मुख्य जिना आणि हेरिटेज गॅलरी बघायची असेल तर कामकाजाचा दिवस निवडावा लागतो, कारण त्या मजल्यांवर मध्य रेल्वेची कार्यालयं आहेत आणि तिकीट लावून दाखवायची पद्धत आठवड्यातल्या दुपारची आहे. सध्या स्टेशनाच्या पुनर्विकासाचं कामही चालू आहे. तेव्हा गॅलरी उघडी आहे का आणि किती वाजता, हे निघण्यापूर्वी विचारून घ्या. तिच्यावाचून दिवस फुकट जाईल असं मात्र अजिबात नाही.

आठवड्यातला दिवस असेल तर अकराच्या सुमारास निघा. सकाळी आठ ते अकरा सगळी मुंबई व्हीटीच्या दिशेने वाहत असते आणि संध्याकाळी साडेपाचनंतर उलट. आपण या दोन्हींच्या मध्ये बसायचं. आणखी एक कारण आहे. व्हीटीचा दर्शनी भाग पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य इमारतीच्या मागे असतो, म्हणून फोटोत ती काळवंडते. दुपारी तीननंतर ऊन समोरून पडायला लागतं आणि दगडावरचं कोरीवकाम उठून येतं. चार वाजता बघितलेली व्हीटी आणि सकाळी नऊला बघितलेली व्हीटी यांत फार फरक आहे.

महिना म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यातही लोकलची खिडकी झकास असते, पण रुळांवर पाणी साचलं की कुर्ला-सायनमध्ये अडकून पडाल.

तिकीट

लोकलच्या एकेरी तिकिटावर मध्ये उतरून पुन्हा चढता येत नाही. ठाणे-सीएसएमटी तिकीट काढलं आणि भायखळ्याला उतरून फलाटाबाहेर पडलात, तर ते तिकीट तिथेच संपलं. म्हणून या फेरीसाठी एक दिवसाचा टुरिस्ट पास घ्यावा. तिकीट खिडकीवर 'टुरिस्ट तिकीट, एक दिवस' म्हणून मागायचं. दिवसभर मध्य, हार्बर, ट्रान्स-हार्बर, पश्चिम, कुठेही चढा-उतरा. तीन आणि पाच दिवसांचाही मिळतो, सुट्टीत आलेल्या पाहुण्यांना तो सोयीचा. कित्येक रोजच्या प्रवाशांना हे तिकीट असतं हेच माहीत नसतं, आणि कधी कधी खिडकीवरचा माणूसही क्षणभर थबकतो. खिडकी बदलायची नाही, शांतपणे पुन्हा सांगायचं.

मध्ये कुठेच उतरायचं नसेल तर साधी तीन तिकिटं काढली तरी खिशाला जड नाहीत, सेकंड क्लासचं किमान भाडं ५ रुपये आहे. रांग टाळायला रेलवन ॲप आहे, स्टेशनावर स्वतः तिकीट काढायची एटीव्हीएम यंत्रं आहेत. ॲपवर तिकीट काढायचं तर स्टेशनाच्या आवारात शिरण्यापूर्वी काढा. फोनची बॅटरी संपली तर टीसीच्या दृष्टीने तुम्ही विनातिकीट, आणि दंड किमान २५० रुपये अधिक भाडं.

एसी लोकल या फेरीला घेऊ नका. खिडकी उघडत नाही, वारा नाही, आवाज नाही. फर्स्ट क्लासचं तिकीट काढायला हरकत नाही, पण दुपारच्या धीम्या गाडीत सेकंड क्लासलाही जागा मिळते आणि गप्पा तिथेच होतात.

गाडी, डबा, खिडकी

इंडिकेटरवर गाडीच्या नावाऐवजी एखादं इंग्रजी अक्षर असतं. कल्याणला के, हे सरळ आहे. नवख्याला चक्रावतात ती कसाऱ्याची आणि कर्जतची अक्षरं: कसाऱ्याला एन आणि कर्जतला एस. कल्याणच्या पुढे फुटणाऱ्या ईशान्य आणि आग्नेय मार्गांवरून ती आली आहेत. पुढच्या एस किंवा एफवरून धीमी की जलद ते कळतं. म्हणजे कर्जतची एस निराळी आणि स्लोची एस निराळी. आपल्याला आज फक्त 'सीएसएमटी, धीमी' एवढंच शोधायचं आहे, आणि शक्यतो ठाण्याहूनच सुटणारी. ती रिकामी लागते, खिडकी निवडायला मिळते. कल्याणहून भरून आलेल्या गाडीत चौथ्या सीटवर बसून खिडकीबाहेरचं काही दिसत नाही.

चौथी सीट ठाऊक नसलेल्यांसाठी: बाक तिघांचं असतं. चौथा येतो आणि काही न बोलता हाताच्या पंजाने 'सरका जरा' अशी खूण करतो. तिघं अर्धा-अर्धा इंच सरकतात, खिडकीवाला बाहेर बघत राहतो, आणि चौथ्याचं एक मांडीभर शरीर बाकावर टेकतं, बाकीचं पॅसेजमध्ये. आभार कोणी मानत नाही, कारण पुढच्या स्टेशनावर सरकणारा तोच असतो. पाहुणे बरोबर असतील तर त्यांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर त्यांना वाटतं कोणीतरी जबरदस्ती केली.

सीएसएमटीकडे जाताना उजवी बाजू म्हणजे पश्चिम. बसायचं तिथे, आणि गाडी ज्या दिशेने जाते त्या दिशेला तोंड करून. वारा अंगावर येतो आणि पुढे काय येतंय ते आधी दिसतं.

लेडीज डब्यात पुरुषांनी आणि दिव्यांगांच्या डब्यात धडधाकट माणसांनी चढू नये, हे सांगायला लागू नये. फर्स्ट क्लासचे डबे लाल-पिवळ्या तिरक्या पट्ट्यांवरून ओळखा. दुपारी दार मोकळं असतं म्हणून दांडीला लोंबकळायचं मन होईल. दारात उभं राहायचं असेल तर आत, दोन पावलं मागे, मधल्या खांबाला धरून. रुळांच्या बाजूचे खांब दिसतात त्यापेक्षा फार जवळ असतात. पाठीवरची सॅक पोटावर घ्या, फोन हातात घेऊन दाराशी उभे राहू नका.

ठाण्याहून निघाल्यावर

१६ एप्रिल १८५३, शनिवार. दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून १४ डब्यांची गाडी सुटली. सुमारे ४०० निमंत्रित आत, पुढे साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, आणि निघताना २१ तोफांची सलामी. ३४ किलोमीटरवर ठाणं. आपण त्याच रस्त्याने उलट चाललो आहोत. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीने, म्हणजे 'जीआयपी'ने, हा मार्ग बांधला आणि जेम्स बर्कली तिचा मुख्य अभियंता होता. पण मुंबईत रेल्वे यावी म्हणून आधीपासून खटपट करणाऱ्यांत जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय ही इथलीच माणसं होती. नाना शंकरशेटांचं नाव ठाणे-मुंबईच्या गप्पांत निघतं ते त्यामुळे. थोड्या वेळाने त्या दोघांची गाठ पडणार आहे, दगडातल्या.

मुलुंडपर्यंत उजवीकडे येऊरच्या डोंगराची रेघ इमारतींच्या फटींतून दिसत राहते. भांडुप, कांजूर, विक्रोळीत बघण्यासारखं फारसं नाही, तिथे डब्याकडे लक्ष द्या. दुपारच्या धीम्या गाडीत केसांच्या पिना, सोललेले पेरू, मोबाइलची कव्हरं, लिंबू पिळायचं यंत्र, सगळं येऊन जातं. विक्रेत्याची एक ठरलेली लय असते. पहिल्या फेरीत नुसतं हातात देतो, घ्या म्हणत नाही. दुसऱ्या फेरीत गोळा करायला येतो आणि तेव्हा सौदा होतो. रेल्वेच्या लेखी ही विक्री बेकायदा आहे, तरी ती चालते. खरेदी करायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

घाटकोपरला डोक्यावर मेट्रो, कुर्ल्याला हार्बरचे रूळ येऊन मिळतात आणि मार्ग एकदम रुंद होतो. सायन सोडल्यावर उजवीकडे माटुंग्याचा रेल्वे कारखाना लागतो. लांबलचक शेड आणि दुरुस्तीला आलेले डबे. माटुंगा स्टेशन २०१७ पासून पूर्णपणे महिला कर्मचारी चालवतात, स्टेशन मास्तरांपासून तिकीट तपासनिसांपर्यंत. गाडी तिथे जेमतेम अर्धं मिनिट थांबते, तेवढ्यात फलाटावर कोण दिसतं ते बघा.

दादरला गाडी भरते. खिडकी सोडू नका.

परळ, करी रोड, चिंचपोकळी. इथून भायखळ्यापर्यंतचा पट्टा गिरणगावाचा. काचेच्या टॉवरांच्या मधून अजून एखादी गिरणीची चिमणी वर आलेली दिसते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्या जागी उभं राहिलेलं सगळं तुम्ही या खिडकीतून बघता आहात. बरोबर घरातलं कोणी वडीलधारं असेल तर त्यांना खिडकीशी बसवा. कुठल्या चिमणीखाली कोणती गिरणी होती ते त्यांना मजकूर न वाचता सांगता येतं. या पट्ट्याचं दुसरं कुठलंही मार्गदर्शन मी सुचवणार नाही.

भायखळ्याला उतरा. पास घ्या म्हटलं ते मुख्यतः यासाठी. रेल्वेच्या अगदी सुरुवातीपासूनचं हे स्टेशन, आणि अलीकडे त्याची जी डागडुजी झाली तिला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कार मिळाला. डागडुजी म्हणजे नवं काही बांधणं नव्हे, मधल्या काळात चढवलेले रंगांचे थर आणि तात्पुरते आडोसे काढून जुनं मोकळं करणं. बाहेर रस्त्यावर येऊन दर्शनी कमानी बघा, परत आत येऊन फलाटावरचे खांब आणि छताखालचं लाकूडकाम बघा. वीस मिनिटं पुरतात. राणीच्या बागेकडे वळू नका, दिवस तिथेच जाईल.

पुढची गाडी पकडली की सँडहर्स्ट रोड. मान वर करा. हे दुमजली स्टेशन आहे. आपली मुख्य मार्गाची गाडी खाली आणि हार्बरची डोक्यावर. संध्याकाळी आपण त्या वरच्या मजल्यावरून जाणार आहोत. मशीद गेलं की नव्या पुलाखालून गाडी जाते. १८६८ चा जुना कर्नाक पूल २०२२ मध्ये पाडला आणि त्याच्या जागी हा २०२५ मध्ये खुला झाला. मग रूळ फाटत जातात, गाडी सरपटायला लागते, सिग्नलला थबकते. रोजचे प्रवासी इथे दाराशी येऊन उभे राहतात. तुम्ही बसून राहा.

स्टेशन बघायचं ते बाहेरून आत

उतरल्यावर आत रेंगाळू नका. गर्दी ओसरू द्या, मग सरळ बाहेर पडा आणि सबवेने रस्त्यापलीकडे, महापालिकेच्या इमारतीकडे जा. व्हीटी आधी लांबून बघायची असते. पालिकेसमोर फिरोजशहा मेहतांचा पुतळा आहे आणि त्याच परिसरात आता सेल्फी पॉइंट केला आहे. नाव कसंही असो, जागा बरोबर निवडली आहे. तिथून घुमट, घड्याळ, दोन्ही बाजूंचे हात असं सगळं एका नजरेत मावतं.

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याने हा आराखडा केला. काम १८७८ मध्ये सुरू झालं आणि १८८८ मध्ये पुरं झालं, खर्च सोळा लाख रुपयांच्या वर. मधेच १८८७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव आला आणि स्टेशनाला व्हिक्टोरिया टर्मिनस नाव पडलं. १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७ मध्ये त्यात 'महाराज' आलं. २ जुलै २००४ ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव लागलं. बोरीबंदर, व्हीटी, सीएसटी, सीएसएमटी, टॅक्सीवाल्याला कुठलंही सांगा, तो इथेच आणतो. तुम्ही ज्या पालिकेच्या इमारतीला पाठ लावून उभे आहात तीही स्टीव्हन्सचीच, १८९३ ची. आधी स्टेशन बांधलं आणि मग त्याच्यासमोर त्याच्या तोडीस तोड दुसरी इमारत. एकाच माणसाला स्वतःच्याच कामाशी स्पर्धा करायची अशी संधी क्वचित मिळते.

आता घुमटाच्या टोकाकडे बघा. वर एक स्त्री उभी आहे. उजव्या हातात मशाल, डाव्या हाताखाली आरे असलेलं चाक. ती 'प्रगती', आणि ती थॉमस अर्प या शिल्पकाराची. खाली त्रिकोणी शिखरांवर शेती, व्यापार आणि अभियांत्रिकी यांच्या मूर्ती आहेत. साध्या डोळ्यांना त्या ठिपक्यांएवढ्या दिसतात, म्हणून घरात पक्षी बघायची दुर्बीण असेल तर ती घेऊन या. या फेरीसाठी कॅमेऱ्यापेक्षा दुर्बीण जास्त उपयोगी. घड्याळाच्या खालचा कोनाडा रिकामा दिसेल. तिथे राणीचा पुतळा होता, स्वातंत्र्यानंतर तो हलवला.

मग रस्ता ओलांडून फाटकापाशी. एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. दोघंही बसलेले, दोघांचीही उंची सारखी, फाटक मात्र सिंहाच्या मालकीचं होतं. यांच्या पुढे बाग आणि मुख्य दार आहे. तिकडे सर्वांना मोकळी ये-जा नसते, पण कुंपणाबाहेरूनही भिंतीवरचे गोल कोंदणातले चेहरे दुर्बिणीत येतात. जीआयपीशी संबंधित मंडळींचे हे चेहरे आहेत, आणि त्यांतच पगडीतले नाना शंकरशेट आणि जमशेटजी. साहेबांच्या रांगेत हे दोघे शोधायचं काम मुलांना द्या, अर्धा तास शांतता मिळते.

यानंतर भिंतीच्या जवळ जा, हात पोचेल इतक्या. वालुकाश्म आणि चुनखडीच्या दगडावर कोरलेली पानं एकसारखी नाहीत. एका खांबाच्या माथ्यावरचं पान दुसऱ्यासारखं नाही. कुठे पानांत माकड, कुठे कमानीवर पिसारा फुलवलेला मोर, कुठे पावसाचं पाणी बाहेर टाकायला तोंड उघडून बसलेला प्राणी. हे बरंचसं काम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केलं, त्या वेळी तिथे जॉन ग्रिफिथ्स शिकवत होते. शाळा इथून चालत पाच मिनिटांवर. आराखडा गॉथिक, पण छिन्नी इथली, म्हणून लंडनच्या कुठल्याही स्टेशनावर न दिसणारा मोर इथे बसला आहे. या एका गोष्टीसाठी मला ही इमारत चर्चगेटच्या जुन्या मुख्यालयापेक्षा सरस वाटते, आणि तीही स्टीव्हन्सचीच आहे.

फोनने फोटो काढायला सहसा कोणी हटकत नाही. ट्रायपॉड, मोठी लेन्स, व्हिडिओचा लवाजमा असेल तर रेल्वेची परवानगी लागते, आणि ड्रोनचा विचारही करू नका. सुरक्षा दलाच्या जवानाने 'पुरे' म्हटलं की पुरे.

आता आत. लोकलच्या तिकीट खिडक्यांचा जुना हॉल शोधा, त्याला स्टार चेंबर म्हणतात. टोकदार कमानी, घोटून गुळगुळीत केलेले खांब, लाकडी खिडक्या आणि वर छतावर सोनेरी तारे. खाली माणूस पाच-दहा रुपयांचं तिकीट काढतो आहे आणि घाईत आहे, वर न बघता निघून जातो. तुम्ही एका बाजूला, रांगेच्या वाटेत न येता, भिंतीला टेकून उभे राहा आणि दहा मिनिटं वर बघा. लोक तुमच्याकडे बघून मग छताकडे बघायला लागतात.

हेरिटेज गॅलरीत प्रवेश मिळाला तर मोठा घुमट खालून बघायला मिळतो. त्याच्याखालचा दगडी जिना भिंतीतून बाहेर आला आहे, त्याला खालून खांबाचा आधार नाही. सकाळ-संध्याकाळ कचेरीतली माणसं फायली घेऊन त्यावरून चढतात-उतरतात.

लोकलचे १ ते ७ फलाट सोडून पुढे मेल गाड्यांच्या फलाटांकडे जा. एकूण फलाट १८. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री याच भागात गोळीबार झाला आणि पन्नासहून जास्त माणसं गेली, बहुतेक गाडीची वाट बघत बसलेली. १८ नंबरच्या बाजूला हेरिटेज गल्ली आहे, तिथे जुनी इंजिनं मांडून ठेवली आहेत. मुलांना कोरीवकामाचा कंटाळा आला असेल तर ती इथे खुलतात.

परत लोकलच्या बाजूला येऊन एका फलाटाच्या टोकाला उभे राहा. रूळ इथे संपतात, पुढे फक्त आडवा अडसर. गाडी येते, मोटरमन आपली पेटी उचलतो आणि उतरतो, त्याच गाडीच्या दुसऱ्या टोकाला दुसरा मोटरमन चढलेला असतो. काही मिनिटांत मागचं पुढे होऊन गाडी सुटते. हा खेळ दिवसभर चालू असतो आणि त्यासाठी तिकीट वेगळं लागत नाही.

पोटाचं

समोर कॅनन पावभाजी आणि कॅपिटॉल इमारतीतलं आराम, वडापावसाठी. रांग दिसली तरी घाबरू नका, हलते. बसून जेवायचं असेल तर पुरीभाजीला पंचम पुरीवाला. एक ते दोनमध्ये फोर्टातल्या कचेऱ्यांची जेवणाची सुट्टी असते, तेवढी टाळा. डबेवाले बघायचे असतील तर मात्र दुपारी बाराच्या आत स्टेशनाबाहेर पोचायला हवं. १८९० पासून चालत आलेलं हे काम, लोकलच्या लगेज डब्यातून उतरून गल्लोगल्ली पसरताना बघण्यासारखं असतं. त्यासाठी ठाण्याहून तास-दीड तास आधी निघावं लागेल आणि गर्दी सोसावी लागेल.

वेळ उरला तर शेजारच्या जनरल पोस्ट ऑफिसात डोकावा. जॉन बेगची १९१३ ची इमारत, घुमट विजापूरच्या गोलघुमटाच्या धर्तीवर. आत गोल हॉलमध्ये उभं राहून एक पोस्टकार्ड घ्या, स्वतःच्याच पत्त्यावर टाका.

परत, हार्बरने

कामकाजाचा दिवस असेल तर साडेचारच्या आत हार्बरच्या फलाटावर या, म्हणजे १ किंवा २ नंबर. गाडी इथूनच सुटते, म्हणून पहिली भरलेली असली तर सोडा आणि दुसरीत खिडकी धरा. पनवेल किंवा बेलापूरची कुठलीही चालेल, वाशीला सगळ्या थांबतात. गोरेगाव किंवा अंधेरीची चुकून पकडू नका, ती वडाळ्याला वेगळी फुटते.

३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेवर चालणारी गाडी इथूनच कुर्ल्याला गेली, गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन होऊन. त्यासाठीच व्हीटीपर्यंत हार्बरचा मार्ग उंचावरून आणला होता. मशीद सोडल्यावर गाडी चढ चढते, मुख्य मार्गाच्या डोक्यावरून जाते आणि डॉकयार्ड रोडपर्यंत घरांच्या दुसऱ्या मजल्यांच्या उंचीने चालते. वाळत घातलेले कपडे, गॅलरीतली तुळस, कोणाचातरी चालू टीव्ही, सगळं हाताच्या अंतरावर. इथे फोन खाली ठेवावा. ती लोकांची घरं आहेत.

रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी म्हणजे गोद्या आणि गोदामं. कुर्ला ते मानखुर्द डोळे मिटलेत तरी चालेल. मानखुर्द सुटलं की उठून दारापाशी, आत, खांबाला धरून. ठाण्याची खाडी. एका बाजूला रस्त्याचे पूल दिसतील, तुम्ही दुसऱ्या बाजूला उभे राहा, तिथे मोकळं पाणी आहे. १९९२ मध्ये प्रवासी गाड्या सुरू झाल्या तेव्हा या पुलाने नवी मुंबई लोकलला जोडली. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून आलात तर उत्तम. ओहोटीला दोन्ही काठांचा चिखल उघडा पडतो आणि हिवाळ्यात त्यावर फ्लेमिंगो उतरलेले असतात. ही खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. पूल ओलांडायला दोन-तीन मिनिटं लागतात, दुर्बीण आधीच गळ्यात असू द्या.

वाशीला उतरून ठाण्याची गाडी ज्या फलाटावर लागते तो इंडिकेटरवर बघा. ट्रान्स-हार्बरची ठाण्याला जाणारी गाडी मुख्य मार्गाइतक्या लवकर लवकर नसते. चुकली तर थांबावं लागतं, आणि वाशीच्या भल्यामोठ्या स्टेशनात फलाट शोधत धावणं लहान मुलांबरोबर जमत नाही. गाडी अजून वीस मिनिटांवर असेल तर स्टेशनाच्या इमारतीतच चहा होतो. तुर्भे, कोपरखैरणे, ऐरोली करत अर्ध्या-पाऊण तासात ठाणे. संध्याकाळी सहानंतर याही मार्गावर नवी मुंबईतल्या कंपन्या सुटतात, तेव्हा वाशीहून सुटणारीच गाडी धरा, मधल्या स्टेशनांवर चढणाऱ्यांना ती भरलेलीच मिळते. कळवा-मुंब्र्याच्या पुढे जायचं असेल तर ठाण्याला उतरून पुलावरून मुख्य मार्गाच्या फलाटावर जायला दहा मिनिटं हाताशी ठेवा. त्या वेळी त्या पुलावर सगळी माणसं तुमच्या विरुद्ध दिशेने येत असतात.